गावापुरतं अल्कोहोल इंधन: विदर्भातल्या शेतकरी गटांसाठी पहिल्यापासूनची माहिती

शेतमालापासून अल्कोहोल काढून त्यावर चूल पेटवता येते, छोटं पेट्रोल इंजिन चालवता येतं, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण ते गावात, गटाने, कायद्यात बसून कसं करायचं हे विचारलं की माहितीचे तुकडे मिळतात. कोणी फक्त यंत्राबद्दल सांगतो, कोणी फक्त अनुदानाबद्दल. परवान्याबद्दल तर शेवटी कळतं, तेव्हा पैसे खर्च होऊन गेलेले असतात. आमच्या गटाने हे काम परवाना असलेल्या एका संस्थेच्या आवारात, त्यांच्या तंत्रज्ञांसोबत उभं राहून शिकून घेतलं आणि मगच स्वतःची फाइल लावली. पुढची माहिती त्याच क्रमाने देतो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. हे एकट्याने घरामागे करायचं काम नाही. शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था किंवा नोंदणीकृत गट असेल तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

१. आधी वापर ठरवा

बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो: "तेल कंपनीला विकता येईल का?" नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल (म्हणजे हेच अल्कोहोल) जवळपास कोरडं, म्हणजे ९९.५ टक्क्यांच्या वर लागतं. साध्या ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून वाफ पुन्हा थंड करून, अल्कोहोल वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जात नाही, कारण त्या टप्प्यावर पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात. पुढचं पाणी काढायला मॉलिक्युलर सिव्हची, म्हणजे पाणी शोषून घेणाऱ्या दाण्यांची, वेगळी यंत्रणा लागते. तेल कंपन्यांची खरेदीही निविदेने आणि मोठ्या प्रमाणावर होते. तो धंदा साखर कारखान्यांचा आणि मोठ्या डिस्टिलऱ्यांचा आहे.

गावाला परवडतं ते पाणी असलेलं अल्कोहोल आणि त्याची खरी जागा चुलीत आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकापासून गोड ज्वारी, सौर उष्णतेवरचं ऊर्ध्वपातन आणि अल्कोहोलची चूल व कंदील या सगळ्यांवर काम केलं. त्यांनी केलेली चूल ५० ते ६० टक्के अल्कोहोल आणि बाकी पाणी अशा मिश्रणावर चालते. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. इतक्या कमी ताकदीवर चूल चालत असेल तर भट्टीचं अर्धं अवघड काम वाचतं, आणि पाणी जास्त असल्याने आगीचा धोकाही थोडा कमी होतो.

हिशेबासाठी एक आकडा लक्षात ठेवा. एक लिटर शुद्ध इथेनॉलमध्ये साधारण २१ मेगाज्यूल उष्णता असते, पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमधली उष्णता भरून काढायला ३० लिटरच्या आसपास शुद्ध इथेनॉल लागतं. अंगणवाडीचा किंवा शाळेचा स्वयंपाक, बचत गटाचं पापड-लोणच्याचं युनिट, रसवंतीचं किंवा फवारणीचं छोटं पेट्रोल इंजिन: यापैकी काय चालवायचं आणि महिन्याला किती लिटर लागतील, हे कागदावर लिहा. हा आकडा नसेल तर पुढचा एकही निर्णय नीट घेता येत नाही.

२. कच्चा माल: संत्रं, मोह, तांदूळ की ज्वारी?

काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा येतं ते पडीचं संत्रं. फळगळीच्या दिवसांत बांधावर ढीग लागतात, व्यापारी हात लावत नाही, मग त्याचं इंधन का करू नये? हिशेब करून पाहा. एक टन फळातून ४०० लिटरच्या आसपास रस निघतो. त्यात साखर साधारण ८ टक्के धरली तर ती ३२ किलो झाली. एक किलो साखरेतून व्यवहारात अर्धा लिटरपेक्षा थोडंच जास्त अल्कोहोल मिळतं. म्हणजे टनभर संत्र्यामागे १५ ते १८ लिटर. शिवाय सालीतलं तेल यीस्टला, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या बुरशीला, मारक असतं, त्यामुळे साल काढूनच रस घ्यावा लागतो. रस आंबट असतो म्हणून चुना टाकून आम्लता कमी करावी लागते. आणि आंबलेल्या रसात अल्कोहोल जेमतेम ४-५ टक्के बनतं, म्हणजे गोड ज्वारीच्या रसाच्या तुलनेत भट्टीत प्रत्येक लिटरमागे जवळपास दुप्पट पाणी तापवायचं. दुसऱ्या मालात मिसळायला संत्रं ठीक आहे, एकट्या संत्र्यावर युनिट उभं करू नका. पडीच्या फळांना गोबरगॅसची टाकी ही जास्त चांगली जागा आहे.

मोहफुलात साखर भरपूर. वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास, म्हणजे टनामागे अडीचशे लिटरच्या पुढे अल्कोहोल. तरीही मी मोहाचा सल्ला देत नाही. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मोह हे आदिवासी कुटुंबांचं अन्न आहे आणि उन्हाळ्यातली रोख कमाईही. ते चुलीत जाळण्यापेक्षा लाडू, सरबत, मनुक्यासारखं वाळवून विकण्यात त्या घरांना जास्त मिळतं. त्यात मोहफूल आणि भट्टी हे दोन शब्द एका अर्जात आले की फाइल संशयाच्या नजरेने वाचली जाते.

भंडारा-गोंदियात राइस मिलची कणी मिळते. टनामागे ४०० ते ४५० लिटरपर्यंत उतारा मिळू शकतो. पण तांदळात साखर नसते, स्टार्च असतो. तो आधी शिजवून, एक एन्झाइम (स्टार्च तोडणारं द्रव्य) ८५-९० अंशांना आणि दुसरं ६० अंशांच्या आसपास देऊन त्याची साखर करावी लागते. हे तापमान सांभाळणं नवख्या गटाला झेपत नाही. ज्यांच्याकडे आधीच वाफेची सोय आणि एखादा केमिकल इंजिनिअर आहे, त्यांनीच या वाटेला जावं. मळी म्हणजे मोलॅसिस घ्यायची असेल तर तिची खरेदी, साठवण आणि वाहतूकही उत्पादन शुल्क विभागाच्या नियंत्रणात येते हे लक्षात घ्या.

माझं मत गोड ज्वारीच्या बाजूने आहे. उसासारखा रसाळ धांडा, वर कणीस. चार महिन्यांचं खरीप पीक, पाणी उसाच्या तुलनेत फार कमी. कणसाचे दाणे घरात येतात, धांड्याचा रस इंधनाला जातो, चोथा आणि पाला जनावरांना किंवा जळणाला. अन्न की इंधन हा वाद इथे उरत नाही. चांगल्या जमिनीत एकरी १२ ते १५ टन धांडा धरा आणि टनामागे ३० ते ४० लिटर अल्कोहोल. एकरी चारशे-पाचशे लिटर म्हणजे तेरा ते सोळा सिलिंडरची उष्णता.

विदर्भात ज्वारीचं क्षेत्र का घटलं हे आपल्याला ठाऊक आहे. सोयाबीन आलं, आणि उरलेल्या ज्वारीवर रानडुकरं आणि पाखरं तुटून पडतात. चार जणांनी चार कोपऱ्यांत पेरली तर राखण होत नाही. गटाने सलग पट्टा निवडून, कुंपण आणि राखणीचा खर्च वाटून घेऊनच पेरायची.

दुसरी काळजी: धांडा तोडल्यावर त्याच दिवशी गाळा. फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत. ऊन लागलेल्या धांड्यातली साखर झपाट्याने उतरते. तोडणी, चरक आणि आंबवणीच्या टाक्या यांची क्षमता एकमेकींशी जुळलेली हवी. टाकीत जागा नसताना आणखी दोन एकर तोडून ठेवणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी घाई आहे.

३. ग्रामसभेत विषय मांडा

परवान्याच्या अर्जाआधी ही पायरी घ्या आणि ती मनापासून घ्या. वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. या बंदीमागे गावोगावच्या बायकांनी काढलेले मोर्चे आहेत, उद्ध्वस्त झालेले संसार आहेत. त्या गावात तुम्ही "अल्कोहोलचं युनिट" म्हटलं तर विरोध होणारच, आणि तो रास्त आहे.

म्हणून महिला ग्रामसभेत आधी जा. तीन गोष्टी स्पष्ट सांगा: तयार होणारं इंधन पिण्याजोगं राहणार नाही, किती बनलं आणि कुठे गेलं याची नोंदवही कोणालाही पाहता येईल, आणि किल्ली एका माणसाच्या खिशात नसेल. नोंदवही तपासायला बचत गटातल्या दोघींना नेमा. आमच्याकडे सगळ्यात नेमके प्रश्न बायकांनीच विचारले. "चोरून नेलं तर कसं कळेल?" याचं उत्तर शोधताना आमची साठवणुकीची पद्धत सुधारली.

अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांबाबत ग्रामसभेला अधिकार दिलेले आहेत. तिथे ठरावाशिवाय एक पाऊलही टाकू नका. वर्धा आणि गडचिरोलीत छाननी जास्त कडक असणार असं धरूनच चला. तिथल्या गटांना मी सरळ गोबरगॅसकडे वळायला सांगतो.

४. परवाना: हा हातात येईपर्यंत काहीही आंबवू नका

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ नुसार परवान्याशिवाय अल्कोहोल तयार करणं गुन्हा आहे. एवढंच नाही, त्यासाठी भट्टी, भांडी, सामान बाळगणंही गुन्हा आहे. "फक्त प्रयोग म्हणून एक ड्रम" हा बचाव चालत नाही. पोलिसांच्या भाषेत तो ड्रम म्हणजे सडवा (दारूसाठी आंबवलेला रस) आणि तुमचं यंत्र म्हणजे हातभट्टी.

"आम्ही प्यायची दारू करतच नाही, मग राज्याचा काय संबंध?" असं सांगणारे सल्लागारही भेटतील. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलवरही राज्याचा अधिकार मान्य केला आहे. तो वाद संपला.

तुमचं पहिलं दार म्हणजे जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांचं कार्यालय. तोंडी विचारून परत येऊ नका. एका पानाचा अर्ज द्या: आम्ही कोण, कुठे, कशापासून, दिवसाला किती लिटर, कशासाठी, यासाठी कोणत्या नियमाखाली कोणता परवाना लागेल ते लेखी कळवावं. पोच घ्या. ऊर्ध्वपातनाचे नियम १९६६ चे आहेत आणि ते मोठ्या कारखान्यांसाठी लिहिलेले आहेत. त्यांत गावपातळीच्या युनिटसाठी वेगळा सोपा कप्पा नाही. म्हणून छोट्या गटासाठी जास्त व्यवहार्य वाट म्हणजे एखाद्या विद्यापीठाच्या, संशोधन संस्थेच्या किंवा आधीच परवाना असलेल्या डिस्टिलरीच्या आवारात, त्यांच्या परवान्याच्या अटींत बसवून प्रकल्प करणं. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा तुमच्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र इथून चौकशी सुरू करता येते.

कागदपत्रांची जुळवाजुळव मात्र लगेच सुरू करा:

- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, घटना, संचालकांची यादी आणि प्रकल्पाचा ठराव
- सभासदांची ओळखपत्रं, पॅन, चारित्र्य पडताळणी
- जागेचा सातबारा, आठ-अ, मोजणी नकाशा, लागत असेल तर अकृषिक वापराचा आदेश
- ग्रामसभेचा ठराव आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला
- प्रकल्प अहवाल: कच्चा माल, रोजची क्षमता, यंत्राचा आराखडा, साठवण टाक्यांची मापं
- पाण्याचा स्रोत आणि सांडपाण्याची व्यवस्था
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, आधी उभारणीची, नंतर चालवण्याची
- अग्निसुरक्षेचा दाखला
- तयार इंधन कोण वापरणार त्यांची यादी आणि संमतीपत्रं

ज्वलनशील द्रवाच्या साठ्यासाठी पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेची, म्हणजे पेसोची परवानगी किती साठ्यापासून लागते तेही लेखी विचारा. तिचं मुख्यालय नागपुरातच आहे, एवढा फायदा आपल्याला आहे. (हे पेसो आणि ग्रामसभेचा पेसा यांची गल्लत अर्जातही झालेली मी पाहिली आहे.) २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत डिस्टिलऱ्या आहेत, त्यामुळे पर्यावरण मंजुरीचा प्रश्नही प्रदूषण मंडळाला त्याच वेळी विचारून घ्या.

इथला एक सापळा: यंत्र विकणारा "परवान्याचं आम्ही बघतो" म्हणतो. परवाना जागेला आणि संस्थेला मिळतो, यंत्र विकणाऱ्याला नाही. परवाना हातात पडण्याआधी आगाऊ रक्कम देऊ नका.

५. जागा आणि सामान

घरांपासून, गंजीपासून, विजेच्या तारांपासून दूर, वाऱ्याला मोकळी जागा. पाणी बारमाही. जाळाची भट्टी आणि अल्कोहोल जमा होणारं भांडं यांच्यामध्ये पक्की भिंत हवीच. जाळ एका बाजूला, नळी भिंतीतून पलीकडे, थेंब दुसऱ्या बाजूला. यात तडजोड नाही.

सामान: झाकणाच्या फूड ग्रेड टाक्या, स्टेनलेस स्टीलची भट्टी, भट्टीवर उभा बसणारा तांब्याचा किंवा स्टीलचा स्तंभ, थंड करण्याची नळी, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं प्रमाण) मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर, आम्लता मोजायच्या पीएच पट्ट्या, दोन थर्मामीटर, अल्कोहोलमीटर, कोरड्या पावडरचे अग्निशामक. गॅल्व्हनाइज्ड पिंप, शिशाचा डाग दिलेले जोड आणि गरम वाफेला प्लास्टिकची नळी, या तीन गोष्टी आवारातही आणू नका.

६. आंबवणं

रस गाळून ब्रिक्स पाहा. १४ ते १८ असेल तर उत्तम. पीएच ४.५ ते ५ वर आणा. लिटरमागे एक ग्रॅमच्या आसपास कोरडं यीस्ट कोमट पाण्यात जागं करून टाका. डिस्टिलरीचं यीस्ट मिळालं तर ते, नाहीतर बेकरीचंही चालतं. यीस्टला नत्र लागतं म्हणून लिटरमागे अर्धा ग्रॅम युरिया पुरतो. हे फक्त इंधनासाठी आहे म्हणून युरिया चालतो.

तापमानाकडे जास्त लक्ष द्या. यीस्ट २८ ते ३४ अंशांत खूश असतं, त्याच्यावर मंदावतं आणि चाळिशीजवळ मरायला लागतं. आंबताना टाकी स्वतःही तापते. आपल्याकडचा एप्रिल-मे या कामाचा नाहीच. ज्वारी ऑक्टोबरात येते हे त्या दृष्टीने सोयीचं आहे. ऑक्टोबर हीटमध्ये टाकीभोवती ओली पोती बांधा, डिसेंबरच्या रात्री कोरडी.

दुसऱ्या दिवशी टाकीला कान लावला तर आत बारीक सरसर ऐकू येते, वर तपकिरी फेसाची जाड साय चढते, मधेच फुटते आणि पुन्हा जमते. दोन-तीन दिवसांत आवाज बसतो, फेस विरतो, वास आंबट-गोड येतो. ब्रिक्सचा आकडा खाली येऊन दोन मापांत तोच राहिला की काम झालं. आता ताटकळत ठेवू नका, नाहीतर अल्कोहोलचं व्हिनेगर व्हायला लागतं.

या काळात निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. खोलीत खाली, जमिनीलगत झरोके ठेवा. रिकाम्या टाकीत साफ करायला माणूस उतरवू नका. विहिरीत गॅसने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, इथेही तोच धोका आहे.

७. भट्टी आणि जळणाचा हिशेब

इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. भट्टी तापली की स्तंभाच्या डोक्यावरचा थर्मामीटर बराच वेळ हलत नाही, मग एकदम चढतो आणि ७८-८० ला येऊन थांबतो. तिथे तो जितका वेळ थांबेल तितका वेळ चांगला माल येतो. काटा वर सरकायला लागला की पाणी वाढलंय. शेवटचा कमजोर भाग वेगळा धरा आणि पुढच्या घाण्यात टाका. नुसत्या भांड्यातून पहिल्या फेरीत २५-३० टक्क्यांचंच अल्कोहोल मिळतं, दुसऱ्या फेरीत ५०-६०. तांब्याची जाळी भरलेला स्तंभ असेल तर ८५-९० पर्यंत जाता येतं. चुलीसाठी ५०-६० पुरतं हे वर सांगितलंच आहे.

आता खरा प्रश्न. हे सगळं तापवायला किती जाळायचं?

शंभर लिटर आंबलेला रस घ्या, त्यात ८ टक्के अल्कोहोल. स्तंभ वापरून ८५-९० टक्क्यांपर्यंत न्यायचं तर भांड्याच्या आत साधारण १०० मेगाज्यूल उष्णता पोचावी लागते. हाती येतं सात-साडेसात लिटर, म्हणजे १५० मेगाज्यूल. वरवर फायदा दिसतो. पण उघडी तीन दगडांची चूल आपल्या उष्णतेचा एक पंचमांशच भांड्याला देते. म्हणजे ५०० मेगाज्यूलचं जळण, तीस-पस्तीस किलो लाकूड जाळून १५० चं इंधन. जंगलातलं लाकूड तोडून असं करणं म्हणजे नुकसानच आहे, पैशाचंही आणि रानाचंही.

हे गणित तीन ठिकाणी सुधारतं. एक, बंद विटांची, जाळी आणि धुराडं असलेली भट्टी बांधा. तेवढ्याने जळण जवळपास निम्म्यावर येतं. दोन, थंड करायच्या नळीभोवती पाण्याऐवजी आधी पुढच्या घाण्याचा रस फिरवा. वाफेची उष्णता रसात जाते, तो अर्धा तापूनच भट्टीत येतो. तीन, जळण म्हणून पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) आणि तुराट्या (तुरीच्या काड्या) वापरा. एकरी टनभर पऱ्हाटी आपण दरवर्षी बांधावर रचतो किंवा वावरातच पेटवून देतो. गुलाबी बोंडअळीसाठी ती हंगाम संपताच शेताबाहेर काढायचीच असते. तिचे तुकडे करून भट्टीला वापरली तर विकतचं जळण शून्य. माझ्या मते विदर्भात या इंधनाला अर्थ येतो तो पऱ्हाटीमुळे. कापूस-तूर नसलेल्या भागात मी हा प्रकल्प सुचवणार नाही. रचलेल्या पऱ्हाटीतूनही अळीचे पतंग निघू शकतात, तेव्हा ढीग पुढच्या पेरणीपर्यंत संपवा.

भट्टीचे नियम: वाफेची वाट कधीही बंद करायची नाही, त्या वाटेवर झडपसुद्धा बसवायची नाही. भट्टी तीन चतुर्थांशाच्या वर भरायची नाही, फेस नळीत चढतो. घाणा चालू असताना किमान दोन जाणती माणसं हजर, विडी-सिगारेट आणि मोबाइल भिंतीच्या त्या बाजूला नाही. थंड करायचं पाणी कोमट झालं की वाफ न जमता बाहेर पडते. त्या क्षणी जाळ ओढा.

८. ताकद मोजा, पिण्याजोगं ठेवू नका, कुलपात ठेवा

अल्कोहोलमीटर बहुधा २० अंशांसाठी आखलेला असतो. ३५-४० अंशांच्या खोलीत तो खरी ताकद आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, दर १० अंशांमागे साधारण ३ टक्के. मीटरसोबत आलेला दुरुस्तीचा तक्ता भिंतीवर चिकटवा.

डिनेचर करणं, म्हणजे कडू किंवा विषारी द्रव्य मिसळून ते पिण्याच्या कामाचं न ठेवणं, हे परवान्यात सांगितलेल्या द्रव्याने, सांगितलेल्या प्रमाणात आणि उत्पादन शुल्क अधिकाऱ्याच्या समक्ष करायचं. स्वतःच्या मनाने काहीही मिसळू नका. असं इंधन कोणी प्यायलं तर दृष्टी जाते, जीव जातो. डबे वेगळ्या रंगाचे ठेवा, त्यावर मोठ्या अक्षरात "विष, फक्त इंधन" असं मराठीत लिहा, आणि जिथे गोंडी किंवा कोरकू बोलतात तिथे त्या भाषेतही. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत एक थेंबही द्यायचा नाही.

शुद्ध इथेनॉलची वाफ १३ अंशांनाच पेट घेऊ शकते. आपल्याकडे ती वर्षभर तयार असते. साठा धातूच्या बंद पिंपात, सावलीत, खाली काँक्रीटचा कट्टा.

९. वापर

अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते आणि दिवसा उजेडात दिसतच नाही. अंगणात चूल पेटवून पाहा: वर काही दिसत नाही, पण हात नेला की उष्णता लागते. चूल पेटलेली असताना इंधन ओतायचं नाही, हा एक नियम घराघरात जाऊन, चूल दाखवून शिकवा. कागदावर देऊन भागत नाही.

इंजिनाबाबत दोन गैरसमज आहेत. डिझेल पंप अल्कोहोलवर चालत नाही. दाबाने पेटण्याची अल्कोहोलची क्षमता फार कमी. आणि ८५-९० टक्क्यांचं अल्कोहोल मोटारसायकलच्या पेट्रोलमध्ये ओतलं तर पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि गाडी बंद पडते. छोटं पेट्रोल इंजिन स्वतंत्रपणे अल्कोहोलवर चालवायचं तर कार्ब्युरेटरच्या जेटचं छिद्र व्यासाने एक पंचमांश ते एक चतुर्थांश मोठं करावं लागतं, अल्कोहोलला टिकणाऱ्या नळ्या बसवाव्या लागतात आणि हिवाळ्यात सकाळी थोड्या पेट्रोलवर सुरू करावं लागतं. जाणता मेकॅनिक असेल तरच हे करा.

१०. उरलेलं तपकिरी पाणी

एक लिटर अल्कोहोलमागे भट्टीत दहा-बारा लिटर पाणी उरतं. ते गरम, आम्लधर्मी आणि सेंद्रिय पदार्थांनी भरलेलं असतं. नाल्यात सोडलं तर खालच्या डोहातले मासे मरतात, विहिरींना वास येतो आणि तुमचा परवाना जातो. थेट वावरात ओतलं तर पीक जळतं.

त्याची योग्य जागा गोबरगॅस आहे. आधी थंड होऊ द्या, चुन्याने पीएच ७ च्या जवळ आणा, मग शेणासोबत मिसळा. पहिल्या आठवड्यात रोजच्या भरणीच्या दहाव्या हिश्शापासून सुरुवात करा आणि गॅस नीट येत राहिला तरच हळूहळू वाढवा; एकदम ओतलं तर टाकी आंबट होऊन गॅस बंद पडतो. निघालेला गॅस भट्टीखाली वापरा, तेवढी पऱ्हाटी वाचते. टाकीतून बाहेर पडणारी स्लरी शेणखताच्या खड्ड्यात जिरवून मग शेतात. गोबरगॅसचा संच नसेल तर तो आधी बांधा, सुरू होऊ द्या आणि मगच भट्टीचा पहिला घाणा लावा.